आधी अर्थिंग, मग एसएसडी: घरचा जुना कॉम्प्युटर कमी पैशांत कसा सुधारावा

उन्हाळ्यात परभणीहून दाजींचा फोन आला. "कॉम्प्युटर लई लटकायलाय. दुकानवाला म्हणतोय मदरबोर्ड बदला, प्रोसेसर बदला, सगळंच बदला. काय करावं?" दाजी शिक्षक आहेत. यू-डायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं, एक्सेलमध्ये निकाल करणं आणि बारावीतल्या लेकराला व्याख्यानं दाखवणं, एवढंच त्या मशीनचं काम. एवढ्यासाठी नवं मशीन कामून लागावं? मी म्हटलं, कुणाला पैसे देऊ नका, रविवारी येतो.

त्या रविवारी केलं ते सगळं इथं क्रमानं लिहितो आहे. क्रम मात्र मोडू नका. नवखा माणूस पार्टपासून सुरुवात करतो आणि तिथंच फसतो.

काही विकत घेण्याआधी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि रोजची कामं सुरू करा: ब्राउझर उघडा, एक्सेलची फाइल उघडा, व्हिडिओ लावा. दहा मिनिटं आकड्यांकडं बघत बसा.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली असेल, तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, कमी पडतेय. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के असेल, तर नेमका कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते आधी बघा. पुष्कळदा एकावर एक टाकलेली दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत असतात. तिन्ही आकडे शांत असूनही पान उघडत नसेल, तर दोष नेटचा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात कितीही रॅम टाकली तरी सरकारी पोर्टल तेवढंच रखडणार.

दाजींच्या मशीनमध्ये डिस्क १०० वर आणि मेमरी ९० वर होती. प्रोसेसर बिचारा ३० टक्क्यांवर निवांत. दुकानदार नेमका तोच बदला म्हणत होता.

याच पानावर प्रोसेसरचं नाव दिसतं. ते कागदावर लिहून घ्या. इंटेलच्या नावात आडव्या रेघेनंतरचे आकडे पिढी सांगतात: आय३-३२२० म्हणजे तिसरी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी, आय३-१०१०० म्हणजे दहावी. मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट आहेत आणि त्यातले किती भरलेत तेही कळतं. सीपीयू-झेड हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं तर मदरबोर्डचं मॉडेल आणि रॅमची जात, म्हणजे डीडीआर३, ४ की ५, तीही मिळते. हा कागद खिशात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आणखी एक. मशीन दर वेळी चुकीची तारीख दाखवत असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही रुपयाएवढी गोल बॅटरी संपलेली असते. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. एवढ्याशा कारणानं भंगारात निघालेलं मशीन मी पाहिलंय.

विजेचं काम आधी

पुण्या-मुंबईतले मार्गदर्शक हा भाग दोन ओळींत उरकतात. आपल्याकडं तसं चालत नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? पायात चप्पल नसताना झटका बसतो का? तर तुमच्या घरी अर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत मेन लाइन आणि पत्र्याच्या मधे बारीक कपॅसिटर असतात. त्यांच्यातून गळणारा थोडासा करंट अर्थच्या वायरीनं जमिनीत जायला हवा. वाट मिळाली नाही की तो पत्र्यावरच थांबतो आणि तुमच्या बोटाची वाट बघतो.

इलेक्ट्रिशियनला बोलवून मल्टिमीटरनं तीन मापं घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप वीस-तीस दाखवत असेल, तर पार्टचे पैसे आधी तिथं घाला. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, खालचा ओलावा उडतो आणि पावसाळ्यात बरं चालणारं अर्थिंग उन्हाळ्यात कामातून जातं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं. दाजींच्या घरी पाइप होता, पण त्यावर ताईनं तुळशीचा कट्टा बांधून घेतला होता. तुळशीला रोज पाणी पडत असल्यानं अर्थिंग ठणठणीत! अशी घरं विरळा.

दुसरा धोका अवकाळीचा. वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल तुटली की सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. माझा स्वतःचा एसएमपीएस असाच गेला. एकटा गेला असता तर दुःख नव्हतं, पण जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. एसएमपीएस साधा, बिनकंपनीचा, कॅबिनेटसोबत फुकट आलेला होता. त्यावर ४५० वॅट छापलं होतं आणि हातात घेतला तर खेळण्याएवढा हलका. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे इतर गोष्टींत ठीक आहे, एसएमपीएस घेताना नाही. नामांकित कंपनीचा, '८० प्लस'चं चिन्ह असलेला ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला भरपूर होतो, आणि पुढं मशीन बदललं तरी बहुधा तोच चालतो.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि नेटचा राउटर जोडा. लेझर प्रिंटर कधीच जोडू नका, कागद तापवताना तो एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून बंद पडतो. लाइट गेल्याबरोबर यूपीएसही मान टाकत असेल, तर नवा घेऊ नका. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदला. आपल्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत दमते.

एसएसडी: सगळ्यात जास्त फरक इथं

दाजींच्या मशीनला सुरू व्हायला चहा होऊन पिऊन व्हायचा एवढा वेळ लागायचा. हार्ड डिस्कचं काम करणारा एसएसडी टाकल्यावर ताई गॅस पेटवेपर्यंत सुरू झालं. यात जादू काही नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई इकडून तिकडं पळत माहिती शोधते. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली लागतात आणि प्रत्येकीसाठी सुईला पळावं लागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही.

प्रकार दोन. पहिला अडीच इंची साटा एसएसडी, जुन्या-नव्या बहुतेक मशीनला लागतो, वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी. दुसरा एम डॉट टू, च्युइंगगमच्या पट्टीसारखा, थेट मदरबोर्डवर बसणारा. त्यातही जास्त वेगाचा एनव्हीएमई वेगळा आणि साटा वेगळा. दोन्ही दिसायला भावंडं. मदरबोर्डवर खाच आहे म्हणून कोणताही बसेल असं नाही, कागदावरचं मॉडेल नेटवर टाकून बघा. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या साध्या बोर्डवर सहसा ही खाचच नसते, तिथं अडीच इंचीच घ्यायचा. दाजींचा बोर्ड एच६१ चिपसेटचा. त्याची साटा पोर्टं मूळची निम्म्या वेगाची. तरीही फरक डोळ्यांत भरला, कारण आपल्या कामात नुसत्या आकड्यापेक्षा सुईची पळापळ थांबणं मोलाचं.

किती जीबीचा? २५६ मध्ये विंडोज आणि ऑफिसचं काम भागतं. फोटो, व्हिडिओ जुन्या हार्ड डिस्कवर ठेवता येतात. थोडे जास्त देऊन ५०० चा मिळत असेल तर तो घ्या. कंपनी ओळखीची हवी आणि वॉरंटी किमान तीन वर्षांची. एक-दोन टीबीचा एसएसडी मातीमोल भावात दिसला तर तो बनावट समजा: आत थोडीशीच जागा असते आणि आकडा मात्र मोठा दाखवला जातो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं नव्या डिस्कची खरी जागा तपासता येते. एसएसडीची खरेदी वाया जात नाही, पुढच्या मशीनमध्येही तो चालतो.

रॅम: इथं मी स्वतः फसलोय

माझ्या टेबलाच्या खणात डीडीआर४ ची एक पट्टी पडून आहे. शेजाऱ्याच्या मशीनसाठी घाईत घेतली. घरी येऊन बघतो तर बोर्ड डीडीआर३ चा. खाच जुळेना. दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलं, आता परत नाही. त्याचंही चूक नव्हतं. डीडीआर३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. पट्टीच्या मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी कापलेली असते, म्हणजे चुकून बसूच नये. जोर लावून बसवायचा प्रयत्न करणारी माणसंही मला माहीत आहेत. त्यांचे स्लॉट तुटले.

लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला लागत नाही. घरच्या कामाला आज ८ जीबी ही खालची पातळी धरा, १६ असेल तर लेकराचं पंचवीस टॅब उघडणंही निभतं. त्यापुढं पैसे घालण्यात घरगुती माणसाला अर्थ नाही. आहे ती पट्टी ठेवून तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी टाकली तर दोन्ही जोडीनं काम करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याचा फायदा चित्रालाही होतो. वेग वेगळे असले तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीनं चालतात, घाबरायचं कारण नाही.

इथं भाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे काही भडकले की महिन्यापूर्वीचा आकडा सांगणारा खोटा ठरायचा. ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी तीन ठिकाणी विचारा. डीडीआर३ मात्र जुनीच घ्या. नवी म्हणून मिळते ती बरेचदा धुऊन-पुसून स्टिकर लावलेली असते, मग नव्याचे पैसे कशाला मोजायचे? आणि ही पट्टी पुढच्या मशीनमध्ये जाणार नाही, तेव्हा तिच्यात जीव अडकवू नका.

मशीन सुरूच होत नसेल आणि नुसती शिट्टी मारत असेल, तर नवी रॅम घेण्याआधी आहे ती काढा, सोनेरी पिनांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कचरा झटका आणि परत बसवा. हसू नका, सगळे रिपेअरवाले आधी हेच करतात.

कुठं थांबायचं

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढची. एएमडीकडं साधारण रायझन २००० च्या मालिकेपासून पुढं. त्यामुळं माझा हिशेब असा: चौथ्या पिढीपर्यंतच्या मशीनला एसएसडी आणि जुनी रॅम, एवढंच. एक रुपयाही वर नाही. सहाव्या-सातव्या पिढीला एसएसडी आणि डीडीआर४ रॅम बिनधास्त टाका, दोन्ही पार्ट पुढं कामाला येतात. आठवी किंवा नंतरची असेल तर मनापासून सुधारा, त्या मशीनला अजून आयुष्य आहे.

जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ चढवता येतं. पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही, आणि शिक्षकाच्या ज्या मशीनवर मुलांचे आधार क्रमांक असतात तिथं मी ते करणार नाही. विंडोजऐवजी टाकता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, मराठी युनिकोडही टाइप होतं. दाजींना मी तेच टाकून दिलं. पहिले आठ दिवस शिव्या खाल्ल्या. घरात डीटीपीचं जुनं, डोंगलवर चालणारं मराठी सॉफ्टवेअर किंवा टॅली असेल, तर मात्र विंडोज काढण्याआधी शंभरदा विचार करा.

प्रोसेसर बदलायचा मोह होतो. त्याच सॉकेटमधला, म्हणजे बोर्डवरच्या त्याच खोबणीत बसणारा, जुना मोठा प्रोसेसर मिळाला तर एक वेळ ठीक. आय३-३२२० ला दोन कोअर, आय५-३४७० ला चार, आणि दोन्ही एलजीए ११५५ मध्ये बसतात. जुना प्रोसेसर सहसा बिघडत नाही, मदरबोर्ड बिघडतो. पण सॉकेट बदललं की बोर्ड बदलावा लागतो, बोर्डसोबत रॅम, मग प्रोसेसरवरचा कूलर. सुधारणा राहते बाजूला, नवं मशीनच होतं. एलजीए ११५१ तर चकवाच आहे: सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी एकाच नावाच्या सॉकेटात, पण एकमेकांच्या बोर्डवर चालत नाहीत.

नवाच बोर्ड-प्रोसेसर घ्यायची वेळ आली तर एक अक्षर लक्षात ठेवा. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, जसं आय३-१२१००एफ, तर त्यात चित्र दाखवायची सोयच नाही. स्वस्त पडतो म्हणून लोक आणतात आणि काळ्या स्क्रीनसमोर बसतात. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये उलटं: रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे.

तिसरा रस्ता म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली डेल, एचपी, लेनोवोची मशीनं. संभाजीनगरला मिळतात, नांदेडची माणसं हैदराबादहून आणतात. आठव्या पिढीचं चांगलं मशीन मिळालं तर घरासाठी याहून किफायतशीर काही नाही. फक्त आतला एसएमपीएस आणि बोर्ड बरेचदा कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातला पार्ट बसत नाही. बारीक पेटीच्या मॉडेलात मोठं ग्राफिक्स कार्डही मावत नाही. घेताना चालू करून अर्धा तास तिथंच बसा.

दुकानात

"बिल पाहिजे का? मग १८ टक्के लागतील." हे वाक्य ऐकू येणारच. बिल घ्या आणि त्यावर पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. पाच वर्षांची वॉरंटी बिलाशिवाय मिळवायला गेलात तर दुकानदाराच्या ओळखीवरच सगळी मदार. ऑनलाइन मागवलंत तर पाकीट फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. मी गावातल्या दुकानात दोन-पाचशे जास्त देतो, कारण पार्ट बिघडला तर तो तिथं नेऊन देता येतो.

बसवताना

सगळ्यात आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं काढा. डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा प्रोग्रॅम जुन्या हार्ड डिस्कवर पिवळी खूण दाखवत असेल तर त्याच दिवशी.

मग मेन स्विच बंद, वायर काढा, सुरू करायचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट अंगणात नेऊन उघडा, घरात नको. दाजींच्या पेटीतून निघालेल्या धुळीत एक पाल आणि मूठभर कापूस होता. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरली की बेअरिंग जातं. वायरींचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय एकही पिन ओढू नका. पार्टला हात लावण्याआधी उघड्या पत्र्याला हात टेकवा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

अडीच इंची एसएसडीला स्क्रू मिळाला नाही तर दुहेरी टेप चालते, तो हलत नाही आणि त्याला वजनही नाही. रॅम दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसा आणि मटारएवढी नवी लावा, चटणीसारखी थापू नका.

विंडोज किंवा लिनक्स टाकताना जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. नाही तर सुरू होण्याची फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि पुढं ती डिस्क काढली की नवं मशीनही मुकं होतं. सगळं झाल्यावर ती वायर परत जोडायची. जुनी डिस्क थकलेली असेल तर भंगारवाल्याला तशीच देऊ नका, त्यावर घरादाराची कागदपत्रं असतात. मी हातोडीनं तबकडी वाकवतो आणि मग देतो.

राहता राहिली पेटीची जागा. दाजींनी ती कूलरच्या बरोबर समोर ठेवली होती, "त्यालाही गार वारा लागावा म्हणून." कूलरचा वारा ओला असतो आणि बोअरचं पाणी क्षारांचं. ते बारीक तुषार बोर्डवर पडून वाळले की पांढरी पुटं चढतात. पेटी कूलरच्या वाऱ्यातून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढं आणि जमिनीपासून वर ठेवायची. आम्ही ती दाजींच्या शाळेच्या जुन्या लाकडी बाकावर ठेवली.